आधी रान, मग विजार

परदेशी निघालेल्या माणसाकडे तिथले आप्त काय मागतील याला नेम नसतो. मेतकूट, चकलीची भाजणी, उटणे, पंचांग इथवर माझ्या मनाची तयारी होती. पण २०२२ च्या सप्टेंबरात अमेरिकेहून ताईचा फोन आला, तिने यादी सांगितली आणि शेवटी म्हणाली, "आणि हे बघ, एक जाड विजार आण. माझ्यासाठी नव्हे, तुझ्यासाठीच. इथं तुला रानात जायचंय."

मी मराठीचा प्राध्यापक. रान, काटे, पाखरे यांच्याशी माझा संबंध वर्गात शिकवायच्या कवितांपुरता. मी विचारले, "रानात कशाला?"

"शिकारीला," ताई म्हणाली.

वाचकहो, ताई कोण हे ठाऊक असल्याशिवाय या एका शब्दाचे वजन तुम्हाला कळायचे नाही. घरात झुरळ निघाले तर त्याला सुपलीत घेऊन अंगणात सोडून येणारी ही बाई. लग्न होऊन ती भाऊजींबरोबर अमेरिकेतल्या साउथ डकोटा राज्यात गेली. भाऊजी तिथे डॉक्टर. मुलगा तिथेच जन्मला, तिथेच वाढला, आणि पंधराव्या वर्षी आईपुढे उभा राहून म्हणाला की वर्गातली सगळी मुले फेझंटच्या शिकारीला जातात, मलाही जायचे आहे. ताईने अबोला धरून पाहिला, उपास करून पाहिला. भाचेबुवांनी तोवर शिकारीतल्या सुरक्षिततेचा रीतसर अभ्यासक्रम पुरा करून परीक्षाही दिली. ओळखीचे एक वृद्ध शेतकरी त्याला आपल्या शेतावर न्यायला तयार झाले.

"ह्यांची त्या दिवशी इस्पितळात पाळी आहे," ताई म्हणाली. "ते बाबा माणूस चांगला आहे, पण शेवटी परका. तू बरोबर जा. बंदुकीला हात लावू नकोस, नुसता पोरावर डोळा ठेव. घरचं कुणी बरोबर असलं म्हणजे माझ्या घशाखाली घास उतरेल."

बहिणीचा शब्द मोडवत नाही. मी लक्ष्मी रोडवर जाऊन एक निळी जीनची विजार घेतली. चांगली जाड होती. दुकानदार म्हणाला, "साहेब, दहा वर्षं बघायला नको." मी निश्चिंत झालो.

आपल्याकडे १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आला, १९९१ त त्यात दुरुस्ती झाली, आणि शिकार ही गोष्ट जुन्या पुस्तकांत व मोडक्या वाड्यांतल्या भिंतींवर उरली. त्यामुळे शिकारीला कपडे कोणते घालावेत हा प्रश्न माझ्या पिढीला पडण्याचे कारणच नव्हते. चित्रातल्या साहेबांच्या पायांना गुंडाळलेल्या पट्ट्या मात्र पाहिल्या होत्या. त्या पट्ट्यांना इंग्रजीत 'पटीज' म्हणतात, आणि तो शब्द आपल्याच 'पट्टी'वरून गेला, एवढे भाषेचे ज्ञान पदरी होते. पायाच्या रक्षणासाठी ते पुरेल असा माझा समज होता.

मिनियापोलिसहून एका चिमुकल्या विमानाने ॲबरडीनला उतरलो. गाव नीटनेटके, रस्ते काटकोनी, आणि गावाबाहेर पडले की जमीन इतकी सपाट की पोळपाटालाही लाज वाटावी. भाऊजींनी सांगितले, की हिमयुगाच्या अखेरीस इथे वितळलेल्या बर्फाचे एक मोठे सरोवर होते. आपण आहोत तो त्या सरोवराचा तळ. तिथून जेम्स नदी संथपणे दक्षिणेला जाते. नजर पोचेल तिथवर कापणी झालेला मका, सोयाबीन आणि मध्येच पिवळ्या-तांबूस गवताचे पट्टे. पुण्याच्या माणसाला चारही दिशांना एकही टेकडी दिसली नाही की जरा चुकल्यासारखे होते.

आणि अशा या मुलखातल्या शिकारीला म्हणतात 'अपलँड' शिकार! मी मनात म्हटले, इथे 'अप' काय आहे? मग उलगडा झाला. हा 'अपलँड' म्हणजे डोंगरमाथा नव्हे. बदके-हंस पाण्यावर राहतात. त्यांच्या उलट जे पक्षी कोरड्या जमिनीवर, गवतात आणि झुडपांत राहतात ते अपलँडचे पक्षी: फेझंट, ग्राउज, तित्तर, लावे. पाण्यातल्या शिकारीला जमते बसून. इथे दिवसभर चालावे लागते. बंदूक हाताची, कुत्रा नाकाचा, पण सारी मदार पायांवर. म्हणूनच या शिकारीत पायांच्या कपड्यांना एवढे महत्त्व. हे सारे अर्थात मला मागाहून कळले.

फेझंट हा पक्षी आपल्या रानकोंबड्याचा आणि मोराचा भाऊबंद. नराचा रंग तांब्याच्या नव्या भांड्यासारखा, तोंड लालभडक, गळ्यात पांढरे कडे आणि मागे लांबलचक शेपूट. मादी मात्र वाळल्या गवतासारखी भुरी. गंमत अशी, की ज्या पक्ष्याला १९४३ साली साउथ डकोटाने राज्यपक्षी ठरवले, तो मूळचा तिथला नाहीच. शांघायला असलेल्या अमेरिकन वकिलाने, ओवेन डेनीने, १८८२ त चीनमधून पाठवलेले फेझंट ओरेगॉनात रुजले. साउथ डकोटात ते १९०८-०९ च्या सुमारास ॲबरडीनच्या दक्षिणेला रेडफील्डच्या परिसरात टिकले, वाढले, आणि १९१९ त त्यांच्या शिकारीचा पहिला हंगाम झाला, तोही एकाच दिवसाचा. आज ऑक्टोबरातल्या तिसऱ्या शनिवारी हंगाम सुरू होतो आणि गावाला जत्रेचे रूप येते. नियम कडक आहेत: एका दिवसात माणशी तीन नर, मादीला हात लावायचा नाही. एका नराला अनेक माद्या असतात, त्यामुळे काही नर कमी झाले तरी पुढच्या पिढीला बाध येत नाही, असा त्यामागचा हिशेब.

परदेशातून येऊन तिथलाच होऊन गेलेला हा पक्षी. ताईच्या स्वयंपाकघरात बसून मी हे ऐकत होतो तेव्हा भाचा समोर पोहे खात होता, आणि ताई त्याच्याकडे जरा जास्तच वेळ पाहत होती.

आदल्या संध्याकाळी भाऊजी मला शिकारीच्या सामानाच्या एका दुकानात घेऊन गेले. "विजार आहे माझ्याकडे," मी म्हटले. "असू द्या," ते म्हणाले, "बघायला काय हरकत आहे?"

बघायला हरकत नव्हती. बघून मात्र मी चक्रावलो. एक अख्खी भिंत नुसत्या पायांची! काउंटरवरच्या प्रौढ बाईंनी विचारले, "कुठे चालणार आहात?"

"शिकारीला," मी म्हटले.

"ते दिसतंच आहे. कशातून चालणार? गवतातून, मक्यातून, पाणकणसातून, की झाडांच्या रांगांतून?"

हा त्या सबंध प्रवासातला सर्वांत शहाणा प्रश्न होता. मला तो निरर्थक वाटला.

बाईंनी तरी न कंटाळता सगळे दाखवले. पहिली होती काट्यांसाठीची विजार. मागच्या बाजूला साधे जाड सुती कापड, आणि पुढे मांडीपासून घोट्यापर्यंत नायलॉनचा दुसरा थर शिवलेला. त्या नायलॉनवर आकडा होता एक हजार डेनियरचा. नऊ हजार मीटर धाग्याचे ग्रॅममधले वजन म्हणजे डेनियर. म्हणजे या कापडाचा नऊ किलोमीटर धागा एक किलो भरतो. आकडा जितका मोठा तितका धागा जाड. पण जाडीइतकाच त्याचा गुळगुळीतपणा महत्त्वाचा. काटा त्यात रुतत नाही, घसरतो.

दुसरे होते 'चॅप्स'. हे नुसते दोन पाय. विजारीवरून चढवायचे आणि पट्ट्याला अडकवायचे. मागची बाजू उघडी. मला हसू आले. पण शब्दाचे मूळ पाहिले तर मेक्सिकोतल्या गुराख्यांपर्यंत जाते. काटेरी खुरट्या झाडीला स्पॅनिशमध्ये 'चापराल' म्हणतात. तिच्यातून घोडा दामटताना पाय वाचवायचे ते 'चापरेरास', आणि त्याचे इंग्रजीत झाले चॅप्स. शब्दातच काटे आहेत! चॅप्स दोन प्रकारचे: एक नायलॉनचे, हलके, दुसरे आपल्या मेणकापडाचे, म्हणजे सुती कापडाला मेण पाजलेले. मेणकापड पाणी अडवते आणि काट्याला दाद देत नाही, पण जड असते आणि उन्हात आतून घाम काढते. नायलॉन हलके, पण चालताना खसखस वाजते. पाखराचा कान तिखट असतो.

तिसरे 'गेटर्स', बुटापासून गुडघ्यापर्यंतचे. आणि चौथे सापांसाठीचे गेटर्स, कडक आणि अनेक थरांचे. फुरसे आणि घोणस यांच्या मुलखातला माणूस मी, लगेच त्यांच्याकडे वळलो. बाई म्हणाल्या, "हे पश्चिमेकडे, मिझूरी नदीच्या बाजूला जाणाऱ्यांसाठी. तिकडे रॅटलस्नेक असतात. रेडफील्डला यांचा उपयोग नाही."

मग मी किमती पाहिल्या, आणि डॉलरला ब्याऐंशीने गुणले. परदेशात हा गुणाकार करू नये असे सगळे सांगतात, आणि सगळे करतात. उत्तर आले ते महिन्याच्या किराण्याचे. शेवटी सर्वांत स्वस्त असे गुडघ्यापर्यंतचे गेटर्स घेतले. भाऊजींनी चॅप्सकडे बोट दाखवले तेव्हा मी त्यांना जीनच्या कापडावर एक छोटे व्याख्यान दिले: इंग्रजीतला 'डंगरी' हा शब्द आपल्या मुंबईच्या डोंगरीवरून गेला असे कोशकार सांगतात, तिथल्या जाड्याभरड्या सुती कापडाचे नाव इंग्रजांनी सतराव्या शतकात उचलले आणि कष्टकऱ्यांच्या विजारीला दिले. "तेव्हा भाऊजी, आपल्याच डोंगरीची पुण्याई आपल्याला पुरेल." भाऊजी भले गृहस्थ. ते हसले आणि गप्प बसले.

शनिवार, २२ ऑक्टोबर. आपल्याकडे त्या दिवशी धनत्रयोदशी. ताईने आम्हा दोघांच्या हातावर दही-साखर ठेवली, पोराच्या डोक्यावरून हात फिरवला आणि माझ्याकडे एकदा पाहिले. त्या पाहण्याचा अर्थ सांगायला नको.

शेतकरीबाबा सत्तरीचे, उंच, वाकलेले. शेताच्या फाटकाशी त्यांनी भाच्याची बंदूक उघडून पाहिली, मग माझे पाय पाहिले. कोठारातल्या खुंटीवर मेणकापडाचे जुने चॅप्स लटकत होते. ते काढून त्यांनी माझ्यापुढे धरले.

"नको, नको," मी म्हटले, "आहे हे पुरेसं आहे."

पुणेरी माणसाने एकदा 'नको' म्हटले की ते मागे घेणे अवघड. बाबांनी दोनदा विचारले नाही. चॅप्स परत खुंटीवर गेले.

सहाजण होतो. बंदूकवाले पाच, सहावा मी काठी घेऊन. प्रत्येकाच्या अंगात नारिंगी जाकीट, डोक्यावर नारिंगी टोपी. बाबांनी नियम सांगितले. सगळ्यांनी एका रेषेत चालायचे. कुणी पुढे नाही, कुणी मागे नाही. पक्ष्याच्या खाली आकाश दिसल्याशिवाय बार काढायचा नाही. आणि कुणी थांबला, अडकला, पडला, तर त्याने लगेच ओरडायचे, म्हणजे सगळी रेषा थांबेल. शेवटचा नियम सांगताना ते माझ्याकडे पाहत होते, असे मला मागाहून आठवले.

दहा वाजले आणि आम्ही गवतात शिरलो. १९८५ च्या शेती कायद्याने तिथे अशी योजना आली, की शेतकऱ्याने जमीन दहा-पंधरा वर्षे नांगराखाली न आणता गवताखाली ठेवली तर सरकार त्याला भाडे देते. त्या गवतात फेझंट वाढतात. बाहेरून ते गवत शेतासारखे दिसते. आत शिरल्यावर ते कमरेला लागते, कुठे छातीला. रात्रीचे दव अजून वाळले नव्हते. पाच मिनिटांत माझी डोंगरीची पुण्याई मांडीपर्यंत भिजली, आणि भिजलेले जाड सुती कापड किती जड होते ते पावलागणिक कळू लागले. गेटर्सनी गुडघ्याखाली आपले काम चोख केले. पण आपल्याकडे कुसळे लागतात ती घोट्याशी आणि पोटरीशी. इथले गवत मांडीशी झगडत होते. गोखरूसारखी काटेरी फळे तिथेच येऊन चिकटत होती. मी गुडघ्यापर्यंत साउथ डकोटात होतो आणि गुडघ्यावर पुण्यात.

गवताच्या मध्ये बाबांनी पाखरांसाठी पिकाचा एक पट्टा तसाच उभा ठेवला होता. बुटकी ताटे, वर तांबूस कणसे. जवळ गेलो तर ज्वारी! परक्या देशात एखादा गाववाला भेटावा तसे झाले. त्या ज्वारीतून एकदम पंखांचा फडफडाट उठला आणि कुणीतरी ओरडले, "हेन!" मादी. सगळ्या बंदुका खाली. मग पुन्हा फडफडाट, या वेळी घशातल्या कर्कश आवाजासह, आणि चारी बाजूंनी "रूस्टर! रूस्टर!" एक बार झाला, पक्षी पडला, कुत्रा धावला. हे ओरडणे शिकारीचा उत्साह नव्हे, नियमच आहे. उन्हाविरुद्ध पाहणाऱ्याला नर-मादी ओळखू येत नाही, म्हणून ज्याला दिसेल त्याने सांगायचे. भाच्याने अजून एकही बार काढला नव्हता. तो माझ्या उजव्या हाताला वीस पावलांवर होता, आणि सारखा मान वळवून माझ्याकडे बघत होता. मला वाटले, मामा आहे म्हणून बुजतो आहे.

गवत संपते तिथे झाडांची एक लांब रांग होती. १९३० च्या दशकात धुळीच्या वादळांनी या मुलखाची माती उडवून नेली. त्यानंतर वारा अडवायला अशा हजारो रांगा लावल्या गेल्या. रांगेच्या कडेला रानटी प्लमच्या जाळ्या. करवंदीच्या जाळीसारख्याच त्या गच्च, आणि फांद्यांची टोके काट्यासारखी टोकदार. बाकीचे वळसा घालून गेले. मला वाटले, मधून वाट दिसते आहे, दहा पावले वाचतील.

चार पावले गेलो आणि अडकलो. काटे जीनच्या विणीत शिरले, दोन्ही मांड्यांना एकदम. पुढे रेटा दिला तर आत रुतत, मागे आलो तर दुसरीकडचे धरत. आता ओरडायला हवे होते. नियम तोच होता. पण ओरडून काय सांगायचे? की चॅप्स नको म्हणणारा प्राध्यापक विजारीने झुडपात अडकला? लाज वाटली. मी खाली बसलो आणि एकेक काटा सोडवू लागलो. बसल्यावर माझी नारिंगी टोपी गवताखाली गेली, हे माझ्या ध्यानातही आले नाही.

रेषा पुढे जाऊन जाळीच्या पलीकडे वळली होती. कुत्रा जाळीत घुसला. माझ्यापासून दोन हातांवर एक नर फडफडत उठला आणि वर न जाता जाळीला घासून, माझ्या डोक्यावरून गेला. "रूस्टर!" कुणीतरी ओरडले. फांद्यांच्या फटीतून मला समोर भाचा दिसला. बंदूक खांद्याला, गाल लाकडाला, आणि नळी पक्ष्याबरोबर फिरत सरळ माझ्याकडे येत होती.

बार झाला नाही. नळी वर आकाशाकडे गेली, आणि माझ्या भाच्याचा आवाज आला, फाटलेला, मराठीत: "मामा! मामा कुठाय?"

बाबांनी हात वर केला. सगळे थांबले, सगळ्यांच्या बंदुका उघडल्या गेल्या. बाबा जाळीत आले, खिशातून चाकू काढून त्यांनी फांद्या छाटल्या आणि मला बाहेर काढले. माझ्या मांड्यांवर रक्ताच्या बारीक रेघा होत्या. त्यांचे काही नव्हते. भाच्याचा चेहरा कागदासारखा पांढरा झाला होता. बाबांनी त्याला विचारले, "का नाही मारलास?"

"पक्षी खाली होता, आकाश दिसत नव्हतं," तो म्हणाला. "आणि मामा रेषेत दिसला नाही. आईनं सांगितलंय, मामावर लक्ष ठेव."

म्हणजे ताईने दोघांनाही तेच सांगितले होते.

बाबांनी त्याच्याशी हात मिळवला, मोठ्या माणसाशी मिळवतात तसा. मग मोटारीतून ते मेणकापडाचे चॅप्स आले. ते सकाळीच त्यांनी खुंटीवरून पुन्हा काढून गुपचूप बरोबर घेतले होते. गुडघे दुखत असूनही तो सत्तरीचा माणूस माझ्यापुढे खाली बसला आणि त्याने स्वतःच्या हातांनी बक्कल लावून दिली. मी काही बोलू शकलो नाही. उठताना ते एवढेच म्हणाले, "ही वस्तू तुमच्या कातडीसाठी नाही. रेषेसाठी आहे."

त्या वाक्याने माझी समजूत बदलली. मी आजवर मानत होतो की अंगावरचे कपडे हा ज्याचा त्याचा प्रश्न. इथे मात्र काट्यात अडकणारा माणूस मागे पडतो, रेषा मोडते, आणि शेजाऱ्याच्या हातून आयुष्यभराचे दुःख घडू शकते. पंधरा वर्षांच्या पोराच्या हातून.

दुपारी मी त्याच रानातून चाललो. ऊन तापले होते, मेणकापडाच्या आत घाम येत होता, पण त्याच प्लमच्या काट्यांतून मी सरळ गेलो. खर्र असा आवाज व्हायचा आणि काटे मागे पडायचे. भाच्याने दिवसभरात दोन बार काढले, दोन्ही चुकले. त्याला त्याचे काही वाटले नाही, आणि खरे सांगायचे तर मलाही बरे वाटले.

कुणाला कधी अशा रानात जायचा प्रसंग आला, शिकारीला नव्हे तर नुसते पाखरे पाहायला किंवा गड चढायला, तरी मी त्या दिवशी विकत घेतलेले शहाणपण फुकट देतो. आधी विचारावे, काटा पायाला कुठवर पोचतो? घोट्यापर्यंत, गुडघ्यापर्यंत, की मांडीपर्यंत? त्यावरून गेटर्स की चॅप्स ते ठरते. दिवसभर एकाच तऱ्हेच्या झाडीत चालायचे असेल तर दुहेरी थराची विजार बरी. सकाळी दव आणि दुपारी ऊन असेल तर चॅप्स बरे, कारण ते काढून पिशवीत टाकता येतात. ओल्या गवतात ते बुटाच्या आत खोचू नयेत, वरून सोडावेत. नाही तर पन्हाळीसारखे पाणी थेट बुटात जाते. लांबी बूट घालून पाहावी. काठ जमिनीला टेकला तर माणूस स्वतःच्याच पायात अडकतो. दुकानात लाजू नये. उकिडवे बसून पाहावे, खुर्चीवर पाय टाकून पाहावे. गुडघ्याशी ओढ बसली तर तारेचे कुंपण ओलांडताना पंचाईत होते. चॅप्सचे सारे वजन कमरेवर येते, तेव्हा पट्टा मजबूत हवा. मेणकापड यंत्रात धुऊ नये. गार पाण्याने पुसावे आणि मेण उडाले की पुन्हा लावावे. आणि तिथला माणूस खुंटीवरचे काही काढून हातात देत असेल, तर ते मुकाट्याने घालावे.

संध्याकाळी ताईने माझी विजार मांडीवर घेतली आणि जुन्या फणीने एकेक काटेरी फळ काढू लागली. लहानपणी दिवाळीच्या सुट्टीत आजोळच्या माळावरून आलो की आई आमच्या कपड्यांतली कुसळे अशीच काढायची. ताई म्हणाली, "आठवतं तुला? आई मोजायची. शंभराच्या वर झाली की दोघांना एकेक धपाटा." मी म्हटले, "मोज." ती हसली आणि खरेच मोजू लागली. मग मान वर न करता विचारले, "कसा वागला रे तो?"

"चांगला वागला," मी म्हटले.

"म्हणजे?"

"म्हणजे तुझ्यासारखा."

तिने आणखी काही विचारले नाही. दिवेलागणीला तिने कणकेचा दिवा केला, वात लावली आणि बाहेर पायरीवर दक्षिणेकडे तोंड करून ठेवला. धनत्रयोदशीचा यमदीप, घरातल्या कुणाला अकाली मरण येऊ नये म्हणून लावायचा. रेडफील्ड ॲबरडीनच्या दक्षिणेलाच आहे. भाचा माझ्याशेजारी उभा होता. आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिले आणि दोघांनीही त्या दिव्याला हात जोडले.

निघताना ताईने माझ्या सामानात एक जड पुडके भरले. पुण्यात उघडून पाहिले तर ते मेणकापडाचे चॅप्स! बाबांनी पाठवले होते. आता ते माझ्या घरी दाराआडच्या खुंटीवर असतात. येणारेजाणारे विचारतात, "हे काय आहे?" मी डोंगरी आणि चापराल यांच्यावर थोडे बोलतो आणि विषय बदलतो.

प्लमच्या जाळीतली गोष्ट ताईला आम्ही आजवर सांगितलेली नाही. पण हा दिवाळी अंक दरवर्षी तिला पाठवायचा शिरस्ता आहे, आणि ती तो पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचते. तेव्हा ताई, आता तुला कळलेच आहे. रागवायचे असेल तर माझ्यावर रागव. पोराला काही बोलू नकोस.